रिकामं भांडं मोजणाऱ्या हिराओ बाई

हिराओ बाई गेल्या. परवा टोकियोहून सुनेचा फोन आला. अश्विनी आधी इकडचं तिकडचं बोलली, गुडघा कसा आहे, सिलिंडर आला का, आणि मग म्हणाली, "बाबा, सेन्सेइ गेल्या. मंगळवारी." सेन्सेइ म्हणजे तिकडे मास्तर, गुरुजी, बाई, सगळंच. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "बाबा, ऐकू आलं ना?" ऐकू आलं होतं. पण बरं याच्यापुढे मला काही सुचत नाही. माझी बायको सुमन गेली तेव्हा डॉक्टरलाही मी बरंच म्हटलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला होता.

मी सातवी शिकलेला माणूस. पुण्यात एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं हमाल होतो. हमाल म्हणजे पोती उचलणारा नव्हे, काचेची भांडी धुणारा. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण बाईंचं मी जे पाहिलं ते माझ्याशिवाय आणि अश्विनीशिवाय कोणी पाहिलेलं नाही, आणि अश्विनीला नोकरी आहे, घर आहे, पोर आहे. मला काही नाही. म्हणून मी लिहितोय.

सुमनला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मुलगा प्रशांत म्हणाला, तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो, या. तो तिकडे एका बँकेच्या कॉम्प्युटरांना दोन हजार साल कसं समजावायचं त्या कामावर होता. मी गेलो, कारण नाही म्हणायला काही सबब सापडली नाही. इथे बसायचं ते तिथे बसायचं.

टोकियोच्या एदोगावा भागात त्यांचं घर, चौथ्या मजल्यावर. तिकडे कचऱ्याचं मोठं शास्त्र. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, प्रत्येकाचा वार वेगळा. पहिल्याच आठवड्यात मी भलत्या वारी पिशवी ठेवून आलो, तर दुपारी ती आमच्या दाराशी परत, वर चिठ्ठी. अश्विनी लाजून लाल. "बाबा, तुम्ही काही करू नका, मी करते." पण मग दिवसभर करायचं काय? बाटल्या धुणं तेवढं मी माझ्याकडे ठेवलं. सॉसच्या, जामच्या, लोणच्याच्या. तेवढं मला येतं.

बाटल्यांच्या वारी मी खाली गेलो तर पिवळ्या क्रेटपाशी एक म्हातारी उभी. पाठीत वाकलेली, केस पोरासारखे बारीक कापलेले, अंगात मोठ्या खिशांचा पुरुषी कोट. तिनं मी ठेवलेली जामची बाटली उचलली. मला वाटलं, झालं, आली चिठ्ठी. तिनं ती बाटली नळाखाली धरली, भरली, ओतली, आणि उजेडाकडे करून बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

"यू?"

"यस."

"व्हिच लॅबोरेटरी?"

काचेचं भांडं खरोखर स्वच्छ असलं की आतून पाणी एकसारखं पसरून उतरतं. जरा जरी तेलकट राहिलं तर थेंब थेंब धरतात. घरात धुतलेल्या बाटलीला थेंब धरतातच, आणि घरात त्याचं कोणाला काही पडलेलं नसतं. कचऱ्यात टाकायची बाटली अशी धुणारा माणूस लॅबमधलाच असणार, हे तिनं ओळखलं. चौतीस वर्षांत माझ्या भांड्यांकडे असं कोणी बघितलं नव्हतं. भांडं घाण असलं तर प्रोफेसर ओरडायचे. स्वच्छ असलं तर त्यांना ते दिसतच नसे.

मी कॉलेजचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. तरी त्यांनी मान अशी हलवली की जसं काही माहीत आहे.

ह्या हिराओ बाई. वय एक्क्याण्णव. तळमजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नाही. रेडियमचं शास्त्र जपानात नवं नवं आलं तेव्हा ज्या चार माणसांनी ते हातात घेतलं त्यातल्या एक. हे मला अश्विनीनं सांगितलं. "बाबा, खूप मोठ्या आहेत त्या. पेपरात फोटो येतो." मला त्या मोठ्या आहेत म्हणून आवडल्या नाहीत. त्या कमी बोलायच्या आणि मला 'वेळ कसा जातो' असं विचारायच्या नाहीत, म्हणून आवडल्या.

बाईंचं इंग्रजी जुन्या पुस्तकांतलं. माझं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचं. वॉश, ड्राय, डेंजर, एम्प्टी, ब्रोकन, सॉरी. एवढ्यात पुष्कळ भागतं. त्यापुढचं काही असलं तर अश्विनी होती. ती पुण्यातच जपानी शिकलेली, आणि आठवड्यातून दोनदा बाईंकडे अरुबाइतोला, म्हणजे अर्धवेळ कामाला जायची. पत्रं वाचून दाखवायची आणि बाई सांगतील तसं उत्तर लिहायचं. कारण बाईंना लेखणी धरता येत नव्हती.

त्यांचे हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बघतच राहिलो, आणि त्यांनी बघू दिलं. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच. अंगठ्याला नख नाही. बाकीच्या बोटांची टोकं काळी, कडक, जुन्या चपलेच्या टाचेसारखी. रेडियम हातानं हाताळायचे त्या काळात. हातमोजा नाही, चिमटा नाही. बाई म्हणाल्या, "कोणाला ठाऊक नव्हतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "ठाऊक झालं त्यानंतरही दोन वर्षं मी तसंच केलं. हातमोजे घातले की काचेचा अंदाज येत नाही."

हात धुवायचे तर मोजून साठ आकड्यांपर्यंत. हात कधी तोंडाला लावायच्या नाहीत, पावसुद्धा काड्यांनी खायच्या. फ्रिजमध्ये प्रत्येक वाटीवर चिठ्ठी, तारीख, वजन, मीठ किती. त्यांनी मला मुळ्याचं लोणचं दिलं त्यावरही चिठ्ठी होती. आमची नात ईरा चार वर्षांची, तिनं ती जपानीत वाचून दाखवली. मी मराठीत काही विचारलं तर ती जपानीतच उत्तर द्यायची. बाई तिला म्हणायच्या, आजोबांशी त्यांच्या भाषेत बोल. ते तिनं मला जपानीतच सांगितलं.

कोटाच्या खिशात एक जुनं स्टॉपवॉच असायचं. कोणी बोलायला लागलं की खिशात टिक् करून आवाज यायचा. एकदा प्रशांत भेटायला गेला, आभार मानायला, की बाबांना सोबत मिळाली वगैरे. तो गेल्यावर बाईंनी घड्याळ बाहेर काढून मला दाखवलं आणि अश्विनीकरवी सांगितलं, "तुमच्या मुलानं चार मिनिटं दहा सेकंदात एकच गोष्ट सांगितली."

मी म्हटलं, "तो लहानपणापासून तसाच आहे."

"बाबा!" अश्विनी म्हणाली. हसलीही.

लोक येऊन बाईंना बॉम्बचं विचारायचे. मीही विचारलं, मला कुठे पाचपोच. बाई म्हणाल्या, "मी पाण्याचं काम केलं." तेवढंच. पाण्याचं म्हणजे असं की, जपानात जागोजागी गरम पाण्याचे झरे आहेत. त्या काळात लोकांना वाटायचं की पाण्यात रेडियम असलं की ते औषध. म्हणून बाई गावोगाव जाऊन झऱ्यांचं पाणी मोजायच्या. एका गावात झऱ्यावरच्या खाणावळीच्या मालकानं त्यांना दोन दिवस उत्तम मासे खाऊ घातले. आकडा आला अगदी थोडा. मालक म्हणाला, जरा जास्त नाही का होणार, आमच्या पाट्या छापायला टाकल्यात. बाई म्हणाल्या, पाण्यात आहे तेवढंच होणार. निघताना धो धो पाऊस, आणि त्या माणसानं छत्री दिली नाही. "दोन कोस भिजत गेले," बाई म्हणाल्या. "पण मासे चांगले होते."

असल्या बाई होत्या. आकड्याच्या बाबतीत कोणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. पुढचं कळायला हे आधी सांगायला हवं.

त्यांचं जुनं मोजायचं यंत्र घरीच होतं. पितळेची डबी, पुढे काच, आत सोन्याच्या वर्खाची दोन बारीक पानं एकाला एक लागून लोंबणारी. दांडा लोकरीवर घासून वर टेकवायचा की ती पानं एकमेकांपासून फाकतात. मग हळूहळू मिटत येतात. जवळ रेडियम असलं तर भराभर मिटतात. किती वेळात मिटतात ते घड्याळावर बघायचं. एवढंच ते शास्त्र, निदान मला समजलं ते.

एक दिवस त्यांनी मला ते चालवून दाखवलं. दांडा घासायला लोकर हवी होती. माझ्या अंगात सुमननं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर होता. बाईंनी बोटानं दाखवलं, मी काढून दिला. त्यांनी त्यावर दांडा घासला, पानं फाकली, घड्याळ सुरू केलं.

"आता काय मोजायचं?" मी विचारलं.

"काही नाही. आधी रिकामं भांडं मोजायचं." हे त्यांचं नेहमीचं होतं. भांड्यात काही घालण्याआधी रिकाम्या भांड्याचं किती येतं ते काढायचं. ते वजा केल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

पन्नास मिनिटं आम्ही दोघं समोरासमोर बसलो. पानं मिटत होती म्हणायचं, पण डोळ्याला दिसत नव्हतं. सुमन गेल्यानंतर मी एवढा वेळ कोणाशेजारी बसलो नव्हतो. अश्विनी पत्रं लिहीत होती. शेवटी बाईंनी मला विचारलं, बायको जाऊन किती दिवस झाले. मी सांगितलं. मग विचारलं, काय वाटतं. मी म्हटलं, काही नाही. रडू येत नाही, राग येत नाही, भूक लागते.

"मग काही नाही असंच लिहा," बाई म्हणाल्या. "काही नाही हेसुद्धा मोजून आलेलं असतं."

अश्विनीला ते फार लागलं. ती हळव्या स्वभावाची. म्हणाली, "सेन्सेइ, रेडियम जसं निम्मं होतं, मग त्याचं निम्मं होतं, तसंच दुःखही होत असेल, नाही?"

बाई म्हणाल्या, "ते रेडियमचं आहे. माणसाचं मला माहीत नाही. मी मोजलेलं नाही."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

मी परत पुण्याला जायच्या साधारण तीन आठवडे आधी त्यांच्या जुन्या संस्थेकडून पत्र आलं. तिथे एक खोली करणार होते, जुन्या वस्तूंची, आणि बाईंच्या वह्या मागत होते. बाईंकडे एकच वही उरली होती. ती त्यांनी शिशाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली. पत्र वाचून झाल्यावर त्या दोन दिवस अश्विनीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मलाही बोलावलं. तिकडे नावापुढे सान लावतात, आपल्या रावसारखं. "कदम-सानना घेऊन ये. ते भांडी धुणारे आहेत."

आम्ही गेलो तर यंत्र मांडलेलं, पानं फाकलेली. बाईंनी डबा उघडला, चिमट्यानं वही काढली आणि यंत्राजवळ नेली. परवा पन्नास मिनिटांत न मिटलेली पानं माझ्या डोळ्यांदेखत चार-पाच मिनिटांत मिटली.

"रेडियम," बाई म्हणाल्या. "वहीला लागलेलं. माझ्या हातांचं. या वहीला माझ्याशिवाय कोणी कधी हात लावला नाही."

मग त्यांनी सांगितलं. अश्विनी वाक्य वाक्य मराठीत करत गेली.

संस्थेत तेव्हा बाईमाणसाला वरच्या मजल्यावर जागा नव्हती. यांना तळघरात एक खोली दिली, आणि भांडी धुवायला एक बाई दिली. तिचं नाव ताने. चाळिशीची, नवरा मेलेला, एक मुलगी. वरचे लोक वाटच बघत होते, या पोरीचा आकडा कधी चुकतो. आणि एका हिवाळ्यात आकडे चुकायला लागले. रिकामी भांडी मोजली तरी पानं भराभर मिटायची. रिकाम्या भांड्यात काही नसताना पानं मिटतात म्हणजे भांडं घाण. भांडं घाण म्हणजे ताने. बाईंनी तिला तीनदा धुवायला लावलं, मग पाचदा. ताने तोंडातून शब्द न काढता धुवायची. तिचे हात फुटले. तरी पानं मिटतच होती. शेवटी बाईंनी वर लिहून दिलं की हिचं धुणं स्वच्छ नाही, आणि वहीतही तेच लिहिलं. तानेला काढून टाकलं.

दोन वर्षांनी बाई आजारी पडल्या. महिनाभर दुसऱ्या कोणी मोजमाप केलं, त्याच भांड्यांनी. पानं मुळीच मिटेनात. बाई परत आल्या, भांडं हातात घेतलं, आणि पानं मिटली. तेव्हा त्यांना कळलं. भांडं घाण नव्हतं, त्यांचा हात होता.

"मग?" मी विचारलं.

"मग मी छापलेले आकडे दुरुस्त केले. कळवलं की अमुक इतके वजा करावेत. वरच्या लोकांनी वाहवा केली."

"आणि ताने?"

बाईंनी चिमट्यानं वही परत डब्यात ठेवली. घड्याळाचा आवाज येत नव्हता. त्यांनी ते लावलंच नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही फार वाईट केलंत."

अश्विनी म्हणाली, "बाबा, असं नाही सांगता येणार हो सेन्सेइंना."

"तू सांग. आहे तसं सांग."

ती काहीतरी बोलली. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला म्हणाल्या, "हे एवढं हळू बोलले नाहीत." मग अश्विनीनं खरं सांगितलं असावं, कारण बाईंनी मान खाली घातली.

त्यांचा विचार असा होता की तानेच्या मुलीला पत्र पाठवावं आणि बरोबर चांगल्या मिठाईचा डबा. गाव माहीत होतं. ताने दर नव्या वर्षाला माहेरच्या दुकानातली सुकी मासळी आणायची, तिच्या वेष्टनाचा छापील कागद बाईंनी वहीत खूण म्हणून घातला होता आणि तो अजून होता. अश्विनीनं तिथूनच फोन करून बघितलं. दुकान होतं. ताने मरून बरीच वर्षं झाली होती. मुलगी फुमि-सान दुकान बघायची. बाईंनी मला विचारलं, तुमच्यावर कधी असा आळ आला होता का.

आला होता. प्लॅटिनमची एक मूस, म्हणजे पदार्थ तापवायची वाटी, हरवली होती, आणि आमच्या प्रोफेसर सरांनी सगळ्यांसमोर माझी पिशवी उलटी केली होती. आठ दिवसांनी ती त्यांच्याच ड्रॉवरमध्ये सापडली. सर काही बोलले नाहीत. माझ्यासाठी कॅन्टीनमधून चहा पाठवला. मी तो बेसिनमध्ये ओतला, कप धुतला आणि परत पाठवला. घरी येऊन सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, बरं केलंत.

 हे ऐकून बाई अश्विनीला म्हणाल्या, "पत्र नको. गाडीचं बघ."

त्यांना डॉक्टरनं घराबाहेर पडायला मनाई केली होती. दोनदा ठरवलं आणि दोनदा ताप आला. माझे दिवस संपत आले. बाईंचा हट्ट असा की मी बरोबर पाहिजे. का ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शेवटी माझं विमान ज्या सकाळी होतं त्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. संस्थेची माणसं वही न्यायला त्याच आठवड्यात येणार होती. बाईंनी त्यांना कळवलं होतं, वहीत एक चूक दुरुस्त करायची आहे, पण आधी दुसरीकडे जायचं आहे.

चिबाच्या पुढे, दोन गाड्या बदलून समुद्राकाठचं गाव. गाडीत बाई ताठ बसल्या होत्या, मांडीवर मिठाईचा डबा. तो त्यांनी घेतलाच होता. तिकडे कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. स्टेशनावरून बस. बसमध्ये मी, एक काळा म्हातारा, सगळे माझ्याकडे बघत होते. बाईंकडे कोणी बघत नव्हतं.

दुकान लहान. वर दोऱ्यांना मासे टांगलेले, आत उंचवट्यावर चटई घातलेली बसायची जागा. फुमि-सान सत्तरीच्या पुढच्या, अंगानं भक्कम, पुढे रबरी एप्रन. अश्विनीनं फोनवर सगळं सांगितलं नव्हतं, फक्त तुमच्या आईच्या ओळखीच्या बाई येत आहेत एवढंच. त्यांनी हसून वर बसवलं, चहा आणला. बाईंनी चहाला हात लावला नाही. चटईवर गुडघे दुमडून बसल्या, दोन्ही हात पुढे टेकवले आणि कपाळ खाली नेलं. तसंच खाली वाकून सगळं सांगितलं. अश्विनी माझ्या कानात सांगत होती, पण मला सांगायची गरज नव्हती.

फुमि-सान ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. मग त्या गोड आवाजात बोलल्या. अश्विनी कुजबुजली, "म्हणतायत, वर उठा. म्हणतायत, एक प्रकारे तुमच्यामुळेच आई वाचली. तिथे राहिली असती तर तिलाही ते रेडियम लागलं असतं. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली."

मला वाटलं, बरं झालं, सुटल्या बाई. कोणीही असतं तर एवढ्यावर डोळे पुसून चहा घेतला असता.

बाईंनी मान वर केली. "नाही," म्हणाल्या. "ते माझ्या नावावर धरू नका. मी तिला वाचवायला काढलं नव्हतं. मला माझी जागा वाचवायची होती. तिच्याबद्दल मी खोटं लिहिलं, ते सांगायला आले आहे."

तेव्हा फुमि-सानचं हसणं गेलं. आवाज उतरला. पाहुण्यांशी बोलायचा आवाज संपला आणि त्यांचा स्वतःचा सुरू झाला. अश्विनी मध्ये मध्ये अडखळत होती. ताने तिथून निघून एका हॉस्पिटलात बाटल्या धुवायचं काम मागायला गेली. त्यांनी संस्थेत विचारलं. संस्थेनं कळवलं, हिचं धुणं स्वच्छ नसतं. दुसरीकडेही तेच. शेवटी मुलीला घेऊन भावाच्या दारात आली, आणि मरेपर्यंत भावजयीच्या हाताखाली मासे साफ केले. "मी नऊ वर्षांची होते," फुमि-सान म्हणाल्या. "शाळा सुटली ती सुटली. मामी आम्हाला ताट वाढताना म्हणायची, शहरात राहून धुवायलाही शिकली नाही. माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, मी नीट धुतलं होतं. मी तिला म्हणायचे, झालं ना आता, सोड. मलासुद्धा खरं वाटत नव्हतं."

बाहेर एक गिऱ्हाईक आलं, हाक मारून गेलं.

मग फुमि-सान उठल्या. मिठाईचा डबा जिथे ठेवला होता तिथेच होता, त्यांनी त्याला हात लावला नाही. आतून कागद आणि शाईचं पेन आणलं आणि बाईंपुढे ठेवलं. "लिहून द्या. तानेचं धुणं स्वच्छ होतं, असं. नाव घालून. आईच्या फोटोपुढे ठेवायचं आहे."

अश्विनी पटकन पुढे झाली. "सेन्सेइंना लिहिता येत नाही, हात... मी लिहिते, त्या सांगतील."

"नाही," फुमि-सान म्हणाल्या. "यांनीच."

बाईंनी पेन उचललं. पहिल्यांदा ते पडलं. मग दोन्ही हातांत धरलं, डाव्यानं उजव्याला आधार देऊन, आणि कागदावर टेकवलं. एक रेघ काढायला त्यांना मी मोजले तर वीस आकडे लागले. जपानी अक्षरात रेघा किती असतात ते मला माहीत नाही. पुष्कळ असतात.

अश्विनीनं घड्याळ बघितलं. ईराला पाळणाघरातून आणायचं होतं, माझी बॅग भरायची होती, आणि बस तासाला एक. ती चुळबुळ करत होती. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "तुम्ही जा." फुमि-सान म्हणाल्या, माझा मुलगा गाडीनं सोडेल.

मी उठलो. बाईंना काहीतरी म्हणायला हवं होतं. उद्या मी जाणार, परत भेट नाही, हे दोघांनाही कळत होतं. मी हात जोडले. त्यांचं लक्ष नव्हतं. पेन कागदावर होतं, ते त्यांनी उचललं नाही, आणि उचललं नाही ते बरोबरच होतं.

आम्ही रस्ता ओलांडून थांब्यावर उभे राहिलो. अश्विनी रडत होती. ऊन लख्ख पडलेलं, समुद्राचा वास. समोर फुमि-सान दुकानाच्या दारात आल्या. आम्हाला वाटलं निरोप द्यायला. पण त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. बाहेर मांडलेल्या मासळीच्या टोपल्या एकेक करून आत घेतल्या, आणि भर दुपारी, गावात लोकांची खरेदी चालू असताना, दुकानाचं शटर ओढायला लागल्या. ते अर्ध्यावर येऊन अडकलं. त्यांनी ते तसंच ठेवलं, वाकून आत गेल्या आणि दिवा लावला.

शटरखालून मला उंचवट्याची कड दिसत होती. त्यावर बाईंचे दुमडलेले गुडघे आणि पांढरे मोजे. कमरेच्या वरचं काही दिसत नव्हतं. जरा वेळानं त्यांच्या शेजारी, चार हात अंतरावर, रबरी एप्रन काढून ठेवून फुमि-सान बसल्या. त्यांचेही गुडघे तेवढे दिसले. बस येईपर्यंत दोघींपैकी कोणीच हललं नाही.